‘गुरू’मधला धंदा: वाचकांचे प्रश्न

मणिरत्नम यांचा ‘गुरू’ १२ जानेवारी २००७ रोजी प्रदर्शित झाला. इडर गावातला गुरुकांत देसाई तुर्कस्तानला जातो, परत येऊन मुंबईत कापडाच्या बाजारात शिरतो आणि ‘शक्ती’ नावाचा उद्योग उभा करतो, एवढे कथासूत्र बहुतेकांना ठाऊक आहे. या वेळी आलेले बरेच प्रश्न अभिनयाविषयी नाहीत. पडद्यावर घाईने उरकलेल्या व्यवहारांविषयी ते आहेत, म्हणून उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत. अंबानी हे नाव चित्रपटात कुठेही येत नाही. आम्ही ते वापरले आहे ते फक्त सार्वजनिक नोंदींशी ताडून पाहण्यापुरते.

हा धीरूभाई अंबानींचा चरित्रपट आहे का? नेमके काय जुळते आणि काय जुळत नाही? (नाशिक)

सांगाडा जुळतो, हाडे जागोजागी बदललेली आहेत. धीरूभाईंचा जन्म १९३२ चा, जुनागढ जिल्ह्यातल्या चोरवाडचा. वडील शिक्षक, चित्रपटातही मास्तरच. तरुणपणी ते एडनला गेले आणि ए. बेस या पेढीत लागले. १९५८ मध्ये परतून त्यांनी मस्जिद बंदर भागात छोट्या जागेत मसाले आणि पुढे सुताचा व्यापार सुरू केला. १९६६ मध्ये अहमदाबादजवळ नरोड्याला गिरणी, १९७७ मध्ये जनतेला शेअर, १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिस्टर धाग्याचा कारखाना, १९८६ मध्ये पक्षाघाताचा झटका आणि त्याच वर्षी त्यांच्या रिलायन्स कंपनीवरची इंडियन एक्स्प्रेसची लेखमाला. हे टप्पे पडद्यावर वेगळ्या क्रमाने आणि वेगळ्या नावांनी येतात.

बदललेले तीन सांधे ध्यानात ठेवावेत. प्रत्यक्षातले पहिले भागीदार चंपकलाल दमाणी हे नात्यातले होते आणि १९६५ च्या सुमारास दोघे वेगळे झाले. चित्रपटात ती जागा मेव्हण्याला दिली आहे, त्यामुळे धंद्यातली फूट थेट नवरा-बायकोच्या भांडणात उतरते. पटकथा म्हणून ही युक्ती चोख आहे. गुरुकांतला जुळ्या मुली आहेत, त्यामुळे वारसाहक्काचा प्रश्नच उठत नाही. तिसरा बदल सर्वांत मोठा आहे. पडद्यावरचा प्रतिस्पर्धी म्हणजे जुन्या बाजारावर मांड ठोकून बसलेला पारशी शेठ. प्रत्यक्षातले भांडण दोन रसायनांचे होते. पॉलिस्टर डीएमटीपासून करायचे की पीटीएपासून, आणि कोणत्या मालावर किती आयातशुल्क लागायचे, यावर बॉम्बे डाइंग आणि रिलायन्स समोरासमोर होते. गंमत म्हणजे बॉम्बे डाइंगचा डीएमटीचा कारखानाही पाताळगंगेलाच होता. एवढे नाट्य एकाच खोऱ्यात हाताशी असताना चित्रपटाने ते सोडून दिले.

गुरू तुर्कस्तानात बर्मा शेलमध्ये काम करताना दाखवला आहे. ही कंपनी तिथे होती? (मुलुंड)

बर्मा-शेल ही भारताच्या बाजारासाठी १९२८ मध्ये उभी केलेली कंपनी. मुंबईकरांना ती माहूलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे ठाऊक होती. तो १९५५ मध्ये सुरू झाला, १९७६ मध्ये सरकारने घेतला आणि आज त्यालाच भारत पेट्रोलियम म्हणतात. इस्तंबूलमध्ये तिची पाटी ही पटकथेची सोय आहे. एडनच्या पेढीकडे शेलच्या मालाची एजन्सी होती, तो धागा तेवढा खरा.

परवाना, परवाना असे सतत ऐकू येते. पण एक कारखाना काढायला नेमके कोणते कागद लागत आणि ते इतके अवघड का होते? आमच्याकडे मागावाल्यांना आजही त्या काळाच्या गोष्टी सांगतात. (इचलकरंजी)

१९५१ चा उद्योग (विकास व नियमन) कायदा ८ मे १९५२ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीतल्या उद्योगात नवा कारखाना काढणे, असलेल्याची क्षमता लक्षणीय वाढवणे, नवी वस्तू बनवणे किंवा कारखाना दुसऱ्या गावी हलवणे या प्रत्येकाला केंद्राची परवानगी लागे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या कारखान्याची वाट साधारण अशी असे.

आधी दिल्लीत औद्योगिक मंजुरी सचिवालयाकडे अर्ज. त्याच्या प्रती तांत्रिक विकास महासंचालनालयाकडे आणि संबंधित मंत्रालयाकडे जात. देशाला या वस्तूची आणखी गरज आहे का, यावर ते मत देत. मत अनुकूल आले तर परवाना समितीपुढे प्रकरण आणि मग हाती पडे ते इरादापत्र. हा परवाना नव्हे, परवाना देण्याची सशर्त तयारी. त्या शर्ती पुऱ्या करायच्या म्हणजे परदेशी तंत्रज्ञानाच्या कराराला वेगळी मंजुरी, यंत्रे आयात करायला भांडवली माल समितीची मंजुरी, आयात-निर्यात मुख्य नियंत्रकाचा आयात परवाना आणि भांडवल उभारायला भांडवल नियंत्रकाची संमती. कंपनीची आणि तिच्या संलग्न कंपन्यांची मालमत्ता २० कोटींवर गेली, की १९६९ च्या मक्तेदारी कायद्याखाली आणखी एक फेरी. ही मर्यादा १९८५ मध्ये १०० कोटींवर नेली.

घोडे पेंड खाई ते दोन ठिकाणी. पहिले असे, की हे टप्पे समांतर चालत नसत. एक कागद आल्याशिवाय दुसरा हलत नसे आणि इरादापत्राची मुदत तेवढ्यात संपे. मग मुदतवाढीचा अर्ज, म्हणजे पुन्हा तीच टेबले. दुसरे म्हणजे देशाची ‘गरज’ एका आकड्यात बांधलेली असे आणि तो आकडा आधीच परवाने घेतलेल्यांनी भरलेला असे. त्यांनी प्रत्यक्षात कारखाना काढला नाही तरी चाले! बड्या घराण्यांनी परवाने अडवून ठेवल्याचे निरीक्षण अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी आणि नंतर दत्त समिती यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारलाच लिहून दिले होते. बंद दारांविषयी गुरू जो राग काढतो त्याला कागदोपत्री आधार आहे, तो असा.

परवान्यापेक्षा जास्त यंत्रे बसवल्याच्या आरोपाचेही थोडे गणित पाहू, कारण सूतवाल्यांना ते लगेच कळेल. परवाना टनांत असतो आणि यंत्र धावते मीटरमध्ये. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. हिशेबापुरते धरा, की धागा मिनिटाला ३,००० मीटर वेगाने गुंडाळला जातो. धागा १५० डेनियरचा असेल तर एका टोकातून, म्हणजे यंत्रातून सुटणाऱ्या एका धाग्यातून, मिनिटाला ५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७२ किलो माल निघेल. वर्षाचे ३५० दिवस धरले तर २५ टनांहून किंचित जास्त. १०,००० टनांसाठी सुमारे ४०० टोके पुरतात. तोच धागा ७५ डेनियरचा काढायचा ठरवला तर टोके लागतील ८०० च्या आसपास. कारखानदार बारीक धाग्याच्या हिशेबाने यंत्रे मागवतो, मग जाड धागा काढतो आणि कागद न बदलता उत्पादन दुप्पट होते. तपासनीसाने नुसती यंत्रे मोजली तर त्याच्या हाती काही लागत नाही. वितळलेले पॉलिस्टर ढकलणाऱ्या पंपांची क्षमता, गुंडाळण्याचा वेग आणि कच्च्या मालाचा खप हे तिन्ही आकडे एकत्र ताडावे लागतात. पाताळगंगेचा पहिला परवाना १०,००० टनांचाच होता. पुढे वर्तमानपत्रांत झालेल्या वादाचा मोठा भाग याच मोजमापाचा होता.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून बाकीच्यांचा परवाना काढून टाकला.

निर्यात दाखवून आयातीचा परवाना मिळवायचा, तो विकायचा, हे कसे चाले? (सोलापूर)

परकीय चलनाची टंचाई होती. म्हणून सरकारने निर्यातदाराला बक्षीस ठेवले होते. निर्यात केलेल्या मालाच्या किमतीच्या ठराविक टक्क्यांइतका कच्चा माल आयात करायचा हक्क, ज्याला बाजारात आरईपी लायसन म्हणत. सत्तरच्या दशकात कृत्रिम धाग्याचे कापड निर्यात केले तर त्या बदल्यात पॉलिस्टर किंवा नायलॉनचा धागा आणता येई. देशात धागा दुर्मिळ, त्यामुळे आणलेला माल आयात किमतीच्या कितीतरी वर विकला जाई.

उदाहरण घ्या. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. १०० रुपये खर्चाचे कापड परदेशात ८० लाच खपले. २० चा तोटा. पण ८० च्या निर्यातीवर समजा ७५ टक्के, म्हणजे ६० रुपयांचा धागा आणता आला आणि तो इथे शुल्क वजा जाता १२० ला गेला. ६० चा नफा, त्यातून २० वजा, उरले ४०. म्हणजे निर्यात तोट्यात करूनही धंदा नफ्यात. इथपर्यंत सारे कायदेशीर आहे आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या हुशार सूतव्यापाऱ्यांनी तेच केले. इतर व्यापारी देशातल्या बाजाराच्या नफ्यावर खूश असताना निर्यातीकडे वळणे, यात नजर होती.

गैरप्रकार पुढच्या पायरीवर सुरू होतो. ८० चे कापड कागदावर १६० चे दाखवायचे, की आयातीचा हक्क दुप्पट. अडचण अशी, की निर्यातीच्या प्रत्येक खेपेला रिझर्व्ह बँकेचा जीआर फॉर्म भरावा लागे आणि दाखवलेली सगळी रक्कम परकीय चलनात ठराविक मुदतीत बँकेत यावी लागे. न आलेले ८० आणायचे कुठून? हवालावाल्याकडून, वर चढा बट्टा देऊन. तेवढा खर्च धाग्याच्या नफ्यातून निघाला तरच खेळ परवडे. पकडले जाण्याच्या वाटाही ठरलेल्या. गोदीत नमुना काढून कस्टमने बाजारभावाची चौकशी केली किंवा बँकेचा जीआर आणि शिपिंग बिल जुळले नाही, की संपले. कुणी किती केले याचे निवाडे आम्ही देणार नाही. चित्रपटात ‘कस्टम-एक्साइजमधले गैरव्यवहार’ एवढे तीन शब्द येऊन जातात, त्यामागची यंत्रणा ही.

सामान्य माणसे शेअर घ्यायला एवढी का धावली? बँकेत पैसे ठेवणारा मध्यमवर्ग एकदम बाजारात कसा आला? (पुणे, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी)

श्रेय एकट्या कोणाचे नाही. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला. त्यांना भारतीयांना शेअर विकावे लागले आणि तेही सरकारने ठरवलेल्या भावाने. कोलगेटसारख्या कंपन्यांचे शेअर स्वस्तात मिळाले आणि लोकांना कळले, की अर्ज भरून चिठ्ठीत नाव निघाले तर पैसे होतात. रिलायन्सचा १९७७ चा १० रुपये दर्शनी किमतीचा इश्यू याच हवेत आला.

भाव इतके कमी का, हे कळल्याशिवाय ती गर्दी उमजणार नाही. भांडवल नियंत्रकाचे सूत्र ढोबळमानाने असे. एक, निव्वळ मालमत्ता भागिले शेअर. दोन, गेल्या काही वर्षांचा सरासरी करोत्तर नफा उत्पादक कंपनीसाठी साधारण १५ टक्के दराने भांडवलात रूपांतरित केलेला. दोन्हींची सरासरी म्हणजे ‘रास्त भाव’. समजा प्रतिशेअर मालमत्ता २० रुपये आणि नफा साडेचार रुपये. साडेचार भागिले ०.१५ म्हणजे ३०. सरासरी २५. बाजारात तो शेअर ६० ला चालू असला तरी कंपनीला नवा शेअर २५ च्या आसपासच द्यावा लागे. उरलेले ३५ अर्जदाराच्या खिशात.

प्रवर्तकाच्या बाजूने पाहिले तर हा तोटा. त्यावर काढलेली वाट म्हणजे परिवर्तनीय कर्जरोखे. चित्रपटात त्यांचा पत्ता नाही आणि आमच्या मते आर्थिक इतिहास म्हणून ही त्याची सर्वांत मोठी गाळलेली जागा. १०० रुपयांचा रोखा काढायचा, साडेतेरा टक्के व्याज द्यायचे. पुढे ५० रुपये भावाने त्याचे दोन शेअर करून द्यायचे. बाजारभाव ६० असेल तर धारकाच्या हाती १२० चा माल. कंपनीचे १०० चे कर्ज पुसले जाते, शेअरमागे दर्शनी १० प्रमाणे २० भांडवलात आणि ८० राखीव निधीत. आधी साडेतेरा रुपये व्याज जात होते, आता २५ टक्के लाभांश दिला तरी दर्शनी २० रुपयांवर ५ रुपयेच. व्याजावर करात सवलत मिळते आणि लाभांशावर नाही, हा आक्षेप वर्गात कोणी घेईलच. पण नव्या यंत्रांवरच्या घसाऱ्यामुळे ज्या कंपनीला मुळात करच लागत नाही तिला त्या सवलतीचे काय? अशा शून्य-कर कंपन्यांसाठीच १९८७ च्या अर्थसंकल्पात पुस्तकी नफ्याच्या ३० टक्क्यांवर किमान कर आला, कलम ११५-जे.

हे सगळे चालते ते बाजारभाव चढा असेपर्यंत. भाव ५० च्या खाली गेला, की रूपांतर कोणालाच नको असते आणि कर्ज डोक्यावर राहते. म्हणून अशा कंपनीला शेअरच्या भावावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो. पुढचा प्रश्न त्यातलाच आहे.

१९८२ मध्ये धीरूभाईंनी मंदीवाल्यांना कोंडीत पकडले आणि शेअरबाजार बंद ठेवावा लागला, असे वाचले. चित्रपटात ते नीट दाखवलेले नाही. ‘बदला’ म्हणजे काय ते एकदा आकड्यांसह सांगाल का? (ठाणे)

तेव्हा दलाल स्ट्रीटला सौदे ओरडून होत. संगणकावरची उलाढाल आली १९९५ मध्ये. ठराविक, म्हणजे ‘ए’ गटातल्या शेअरांचे वलण, म्हणजे सौद्यांचा हिशेब मिटवणे, पंधरवड्याने होई. आज घेतले, उद्या विकले, तर वलणाच्या दिवशी फक्त फरक द्यायचा. ज्याचा सौदा उघडा राहिला त्याच्यापुढे तीन वाटा. विकणाऱ्याने शेअर आणून द्यायचे आणि घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजायचे. किंवा उलटा सौदा करून फरक मिटवायचा. किंवा दोघांच्या संमतीने सौदा पुढच्या वलणावर ढकलायचा. ही ढकलण्याची किंमत म्हणजे बदला.

एरवी पैसे कमी आणि शेअर मुबलक असतात. तेव्हा घेणारा विकणाऱ्याला व्याजासारखी रक्कम देतो, तो सीधा बदला. शेअरच मिळेनासे झाले तर उलटे होते. ज्याच्याकडे द्यायला शेअर नाहीत तो विकणारा मुदत मागतो आणि घेणाऱ्याला पैसे मोजतो, तो उंधा बदला.

आता मंदीवाल्याची चाल पाहा. पुढचे आकडेही समजण्यापुरते. त्याच्याकडे एकही शेअर नाही, तरी १३० रुपयांनी १०,००० विकले. हेतू असा, की भाव ११० वर आला की तितकेच परत घ्यायचे आणि २ लाख कमवायचे. त्याचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो: समोरच्याकडे १३ लाख रोख नाहीत, त्यामुळे तो डिलिव्हरी मागणार नाही. पण समोरचा रोख घेऊन बसला असेल आणि म्हणाला, शेअर आणा, तर? बाजारात शेअर शोधू लागताच भाव चढतो. २०० झाला तर तोटा ७ लाख. मुदत मागावी तर समोरचा शेअरमागे ५० रुपये उंधा बदला सांगतो, म्हणजे एका पंधरवड्याचे ५ लाख. आणि तो नाहीच म्हणाला तर तोही मार्ग बंद.

१९८२ च्या वसंतात हेच घडले. मुख्यत्वे कोलकात्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्स विकला, समोर खरेदी होत राहिली आणि वलणाच्या दिवशी डिलिव्हरीची मागणी आली. बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. खरेदीदारांचा पैसा कुठला, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला. अनिवासी भारतीयांच्या योजनेतून रिलायन्सचे शेअर घेणाऱ्या आयल ऑफ मॅनमधल्या कंपन्यांची नावे क्रोकोडाइल, फियास्को अशी होती. पटकथाकाराने लिहिली असती तर ती कोणी खपवून घेतली नसती. १९८३ मध्ये त्यावरून संसदेत प्रश्न विचारले गेले.

बदल्यावर सेबीने डिसेंबर १९९३ मध्ये बंदी घातली, मग तो सुधारित रूपात परतला आणि जुलै २००१ मध्ये कायमचा गेला.

शेवटी चौकशी मंडळ गुरूला बहुतेक आरोपांतून सोडते आणि उरलेल्यांसाठी दंड ठोठावते. असे होऊ शकते? (औरंगाबाद, वकील)

आपल्याला उत्तर माहीत आहेच, तरी इतर वाचकांसाठी. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेला आयोग साक्षीदार बोलावू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो, कागद मागवू शकतो. शिक्षा किंवा दंड करू शकत नाही. तो अहवाल देतो आणि तो सरकारवर बंधनकारक नसतो. सीमाशुल्क चुकवल्याचा दंड ठरवतो कस्टमचा निवाडा अधिकारी, त्यावर अपील जाते लवादाकडे. परकीय चलनाचे प्रकरण अंमलबजावणी संचालनालयाकडे, फौजदारी खटला न्यायालयात. म्हणजे पडद्यावर एका दालनात आटोपलेले काम चार ठिकाणी आणि अनेक वर्षे चालले असते. त्या काळात जो आयोग खरोखर नेमला गेला, न्या. ठक्कर आणि न्या. नटराजन यांचा, १९८७ चा, त्याचा विषय तर फेअरफॅक्स या अमेरिकन गुप्तहेर संस्थेला काम कसे दिले गेले हा होता.

चौकशी मंडळाच्या प्रमुखाच्या भूमिकेत रोशन सेठ समोर बसलेले असताना तांत्रिक खुसपट काढवत नाही, हेही खरे.

आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेत भागधारकांची सभा दाखवायची आहे. मैदानात अशी सभा खरेच होई का, आणि कामकाज कसे चालते? (सांगली)

होई. रिलायन्सची १९८६ ची वार्षिक सभा मुंबईत क्रॉस मैदानावर झाली आणि हजारो भागधारक आले. कथानक त्या काळातले असेल तर १९५६ चा कंपनी कायदा धरा. सूचना किमान २१ दिवस आधी टपालाने. सभा सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या वेळेतच हवी आणि नोंदणीकृत कार्यालय ज्या शहरात असेल त्याच शहरात. गणपूर्ती सार्वजनिक कंपनीसाठी फक्त पाच जणांची! म्हणजे मैदान भरवणे ही कायद्याची गरज नव्हती, ती इच्छा होती.

दारावर प्रत्येकाकडून हजेरीची चिठ्ठी घ्या, तिच्यावर फोलिओ क्रमांक आणि सही. कोणाच्या वतीने प्रॉक्सी आला असेल तर त्याचा फॉर्म ४८ तास आधी पोचलेला हवा, आणि प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. एकांकिकेत सगळ्यात हमखास होणारी चूक हीच. मंचावर अध्यक्ष हिशेब मांडतो, मग प्रश्न, मग ठराव. हात वर करून मतदान असेल तर दहा शेअरवाला आणि दहा लाखवाला दोघांचे मत एकच. कोणी ‘पोल’ मागितला, की शेअरच्या संख्येवर मोजणी होते आणि सभेचा सगळा रंग बदलतो. तुमच्या नाट्याचा क्षण भाषणात शोधू नका, तो या मागणीत आहे.

पॉलिस्टरचा धागा बनतो कसा? कारखाना दाखवला आहे पण काही कळत नाही. (भिवंडी)

पीटीए ही पांढरी भुकटी आणि एमईजी हा पातळ द्रव. एक किलो पॉलिस्टरला सुमारे ८६० ग्रॅम पीटीए आणि ३४० ग्रॅम एमईजी लागते. बेरीज किलोच्या वर जाते, कारण प्रक्रियेत पाणी सुटते. डीएमटी वापरले तर ते किलोला किलोहून थोडे जास्त लागते आणि पाण्याऐवजी मिथेनॉल सुटते, ते गोळा करायची वेगळी सोय करावी लागते. पीटीएवाल्यांचा मुख्य मुद्दा हाच होता.

वितळलेले पॉलिस्टर २८० ते २९० अंश सेल्सिअसला बारीक भोकांच्या चकतीतून दाबून काढतात, थंड हवेत धागे घट्ट होतात, त्यांना तेल लावून मिनिटाला तीन हजार मीटरच्या वर वेगाने गुंडाळतात. हा अर्धवट ताणलेला धागा, पीओवाय. तो पुन्हा तापवून, ताणून, पीळ देऊन फुगवला, की कापडाला भरावा येतो.

बिघडते ते बहुधा ओलाव्याने. चिप्स, म्हणजे पॉलिस्टरचे दाणे, वितळवून धागा काढायचा असेल तर त्या आधी १६० ते १७० अंशांवर तासन् तास वाळवाव्या लागतात. ओल दहा लाख भागांत ५० च्या वर राहिली तर वितळताना साखळ्या तुटतात, द्रव पातळ होतो आणि धागा सतत तुटतो. दुसरे दुखणे गुंडाळतानाच्या ताणाचे. दोन बॉबिनींचा ताण वेगळा असेल तर सूत दिसायला सारखेच दिसते, रंगवल्यावर मात्र कापडावर पट्टे उमटतात. मागावाल्याला हे कळते ते थान विकायच्या वेळी, म्हणून एकाच लॉटचे सूत एकाच बीमला, हा नियम मोडू नये. भिवंडीत हे सांगणे म्हणजे काशीत गंगा विकणे आहे, पण प्रश्न तिथूनच आला.

मुंबईवरचा चित्रपट, कापडाचा धंदा, आणि गिरणी कामगार कुठे आहेत? (लालबाग)

नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्याच वर्षी पाताळगंगेचा कारखाना सुरू झाला. मुंबईच्या गिरण्या बंद, मागणी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळली आणि त्या मागांना पॉलिस्टरचे सूत हवे होते. एकामुळे दुसरे घडले असे म्हणता येत नाही, पण या दोन घटना एकाच चौकटीत न दिसणे हा या कथेतला ठळक अभाव आहे. गुरूच्या मुंबईत शेठ आहेत, दलाल आहेत, संपादक आहेत, भागधारक आहेत. सूत कातणारा हात दिसत नाही.

संगीताला कोणते पुरस्कार मिळाले? (बेळगाव)

फिल्मफेअरमध्ये ए. आर. रहमान यांना संगीत आणि पार्श्वसंगीतासाठी, श्रेया घोषाल यांना ‘बरसो रे’साठी, त्याच गाण्याच्या नृत्यदिग्दर्शनासाठी सरोज खान यांना. कला दिग्दर्शनाचा पुरस्कार समीर चंदा यांना मिळाला आणि जुनी मुंबई उभी करण्याचे ते काम पुन्हा पाहण्याजोगे आहे. गीते गुलजार यांची.

वाणिज्यच्या वर्गात हा चित्रपट दाखवायचा आहे. कायद्याची अडचण येईल का आणि कुठे थांबवावा? (कोल्हापूर, प्राध्यापिका)

स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२(१)(j) नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो, प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील तर. बाहेरच्यांना बोलावले किंवा तिकीट लावले, की ही सवलत लागू नाही. प्रत अधिकृत असावी. ओटीटीच्या वैयक्तिक वर्गणीच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचाव्यात.

तीन जागी थांबवा. बाजारातल्या व्यापाऱ्यांशी पहिली टक्कर होते तिथे परवाना आणि आयातीचे गणित फळ्यावर मांडा. भागधारक वाढू लागतात तिथे वर दिलेले २५ आणि ६० चे उदाहरण करून घ्या. चौकशीच्या प्रसंगाआधी वर्गाचे दोन गट करा, एकाकडे कस्टमची बाजू, दुसऱ्याकडे कंपनीची, आणि डेनियरचे गणित दोघांनाही द्या. शेवटचे भाषण त्या वादानंतरच दाखवावे. आधी दाखवले तर वर्ग टाळ्या वाजवतो आणि आकडेमोड कोणी करत नाही.